सासऱ्यांचा जोडीदार

माझे सासरे कामावरून निवृत्त झाले त्या दिवशी आम्ही त्यांच्या हातातली पाण्याची बादली काढून घेतली, आणि तिथूनच सगळं बिघडत गेलं. हे आता कळतं. तेव्हा आम्ही स्वतःला फार गुणी समजत होतो.

गोष्ट नव्वदच्या दशकातली, कळंबोलीतली. तिसरा मजला, दोन खोल्या, लिफ्ट नाही. घरात मी, माझा नवरा आणि सासरे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. सासरे मूळचे साताऱ्याकडचे. मिसरूड फुटायच्या आत मुंबईला आले आणि लोखंडाच्या बाजारात माथाडी कामगार म्हणून लागले. पुढं बाजार मुंबईतून कळंबोलीला हलला, तसं बाजाराच्या मागोमाग आमचं घरही इकडं आलं. जवळजवळ चाळीस वर्षं त्यांनी लोखंडाच्या सळ्या खांद्यावरून वाहिल्या. त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली उतरला होता. मी घरी शिवणकाम करायची; त्यांची बंडी शिवताना दोन्ही खांद्यांचं माप वेगवेगळं घ्यावं लागायचं. एकदा मी ते विसरले, तर बंडी गळ्यापाशी एका बाजूला ओढली गेली. त्यांनी ती तशीच वर्षभर वापरली, मला एका शब्दानं बोलले नाहीत.

असा माणूस घरी बसला. "आबा, आता बास. आयुष्यभर राबलात, आता बसून खायचं, कसलं टेन्शन घ्यायचं नाही," असं माझ्या नवऱ्यानं पहिल्याच दिवशी जाहीर केलं आणि आम्ही ते कसोशीनं पाळलं. सकाळी ते दुधाला निघाले की नवरा आडवा यायचा. नळाला पाणी आलं की ते बादली उचलायला जायचे आणि मी ती त्यांच्या हातातून घ्यायची. त्यात माया होती, नाही असं नाही. पण माझ्या बाबतीत निम्मी लाजही होती. सासऱ्याला पाणी भरताना कुणी पाहिलं तर बिल्डिंगमधल्या बायका काय म्हणतील, हे माझ्या डोक्यात आधी यायचं.

महिन्याभरात त्यांनी बादलीकडं बघणं सोडलं. वर्षभरात जिना उतरणं सोडलं. दोन वर्षांत बोलणंही सुटत आलं. "व्हय", "न्हाय" आणि "असू दे" एवढ्यावर त्यांचा दिवस भागायचा. खिडकीजवळच्या खाटेवर ते बसलेले असायचे, आणि माझ्याकडं ब्लाऊज शिवायला येणाऱ्या बायका म्हणायच्या, "किती शांत सासरे मिळालेत हो तुम्हाला." ते ऐकून मला बरं वाटायचं.

मग एका दुपारी ते न्हाणीत पडले. नवरा कामावर, घरात मी एकटी. आवाज ऐकून दार ढकललं तर ते भिंतीला टेकून खाली बसलेले, अंगावर फक्त ओला पंचा. मी त्यांच्या काखेत हात घातले आणि उचललं. मला वाटलं होतं जमणार नाही, पण जमलं. एवढ्या हाडापेराच्या माणसाचं वजन माझ्या हातांना इतकं कमी लागलं की मलाच भीती वाटली. त्यांना खाटेवर बसवलं, कोरडं धोतर दिलं. त्यांनी तोंड भिंतीकडं वळवलं. त्या दिवसापासून त्यांनी माझ्याकडं बघून बोलणं बंद केलं. मला राग आला. माझा राग तसा नाकाच्या शेंड्यावरच असतो. मी ह्यांना उचललं, सावरलं, आणि हे माझ्यावरच रुसतात, असा मी त्याचा अर्थ लावला आणि त्यांच्या ताटात भाकरी जरा आपटूनच वाढायला लागले.

डॉक्टर घरी येऊन बघून गेले. हाड शाबूत होतं. पण त्यांनी सासऱ्यांच्या पोटऱ्या दाबून बघितल्या आणि आम्हा दोघांना बाहेर गॅलरीत बोलावलं. म्हणाले, "हे पडल्यामुळे झालेलं नाही. हे झालं म्हणून ते पडले. पायांत मांसच राहिलं नाहीये, बसून बसून. चालवा त्यांना, जिना उतरवा. दोन-तीन महिन्यांत पाय हलले नाहीत तर ही खाट सुटणार नाही, मग पुढचं सगळं खाटेवरच." बसून बसून, हे शब्द त्यांनी सहज वापरले असतील. आम्ही दोघं खाली उभ्या असलेल्या ट्रककडं बघत राहिलो.

मग आमची मोहीम सुरू झाली. नवऱ्यानं पांढरे कॅनव्हासचे बूट आणले. सासऱ्यांनी ते उलटसुलट करून बघितले आणि खाटेखाली सारले. रोज सकाळी नवरा त्यांचा दंड धरून खोलीतल्या खोलीत येरझाऱ्या घालायला लावायचा. चार पावलं टाकून ते थांबायचे.

"कुटं जायाचंय?"

"कुठं नाही आबा, फक्त चालायचं."

"कुटं जायाचं न्हाय, तर चालायचं कशापायी?"

नवरा पुन्हा त्यांचा दंड ओढायचा. "डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून," असं मी स्वयंपाकघरातून ओरडायची. मग ते माझ्याकडं न बघता खाटेवर जाऊन बसायचे. रिकाम्या हातानं रस्त्यानं हिंडणारा माणूस त्यांच्या लेखी एकतर उनाड होता नाहीतर वेडा, आणि त्यांना दोन्ही व्हायचं नव्हतं.

थोरले दीर गावी शेती बघायचे. शेजारच्यांच्या फोनवर त्यांचा फोन आला. त्यांनी सांगितलं, "दिवाळीला जीप घेऊन येतो. तोवर आबा चालायला लागले तर ठीक, नाहीतर गावी नेतो. पडून राहायचंच आहे तर आपल्या ओसरीवर राहतील." नवरा बरं म्हणाला. मीही नाही म्हटलं नाही. खरं सांगायचं तर मला आतून जरा हलकं वाटलं, आणि पाठोपाठ त्या हलकं वाटण्याची लाज वाटली. नवऱ्यानं घरी येऊन हे मला सांगितलं तेव्हा सासरे चार हातांवर बसून ऐकत होते. ते त्या दिवशी जेवले नाहीत. तेव्हा मला अंदाज आला की ह्यांना गावी जायचं नाही. गाव सोडून चाळीसच्या वर वर्षं झाली होती, त्यांच्या बरोबरीचं तिथं फारसं कुणी उरलं नव्हतं. गावी नेलं असतं तर ते पुन्हा उठले नसते, हे मला तेव्हाच दिसत होतं. दिवाळीला जेमतेम अडीच महिने होते.

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी, खात्रीसाठी असू दे म्हणून, कमरेचा एक्स-रे काढून आणायला सांगितला, म्हणजे सासऱ्यांना खाली नेणं आलं. नवऱ्यानं पहिल्या मजल्यावरच्या शेजाऱ्याला बोलावलं. दोघांनी सासऱ्यांना लाकडी खुर्चीत बसवलं आणि खुर्ची उचलली. शेजारी चांगला सहा फुटी, माझा नवरा बेताचा. शेजारी वरच्या बाजूला, नवरा खालच्या. चार पायऱ्या उतरले असतील नसतील, खुर्चीतून आवाज आला.

"थांबा. खाली ठिवा."

दोघांनी दचकून खुर्ची ठेवली.

"उंच माणूस खालच्या अंगाला घे. बुटका वर. आन् पाऊल दोघांचं एकदम पडाया पायजे. मागच्यानं बोलायचं, फुडच्यानं ऐकायचं. बोलल्याबिगर कुणी टाकायचं न्हाय."

दोन वर्षांत त्यांनी एवढं सलग बोललेलं मी ऐकलं नव्हतं. खुर्चीतलं ओझं ते स्वतःच, आणि ओझंच हमालांना शिकवत होतं. शेजाऱ्यानं निमूट जागा बदलली. तळमजल्यापर्यंत "हं, आता वळा", "दम खा", "चला" असे हुकूम सुटत राहिले, आणि खुर्ची खरोखरच कुठं न धडकता खाली पोचली. मी त्यांचा चेहरा पाहून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी मी मशीन चालवता चालवता, मान वर न करता विचारलं, "मामा, सळ्या उचलायच्या कशा हो?" आमच्याकडं सासऱ्याला मामाच म्हणतात. त्यांनी भिंतीकडं बघत सांगायला सुरुवात केली. सळई लांब असते, तिला एकटा माणूस चालत नाही, जोडी लागते. जोडी सारख्या उंचीची हवी, नाहीतर बुटक्याच्या खांद्यावर सगळा भार जातो. सळई चालताना लवते, पाऊल चुकलं की खांद्यावर उसळते. आणि सगळ्यात अवघड काम खाली टाकण्याचं. दोघांनी एकदमच टाकायची. एकानं आधी सोडली तर दुसऱ्याचा खांदा गेलाच. म्हणून मागचा बोलतो आणि पुढचा ऐकतो. टोळीचा मुकादम एकदा जोडी लावून द्यायचा, ती शेवटपर्यंत टिकायची. सासरे कायम मागं असायचे. तीस वर्षं एकाच माणसाच्या मागं.

"त्याची मान म्या जेवढी बघितली, तेवढं तुझ्या सासूचं तोंड न्हाय बघितलं," ते म्हणाले. मला हसू आलं. त्यांनाही आलं असावं, कारण मिशी हलली.

"आता कुठं असतात ते?"

"हाय की. खांदेश्वरला, लेकीकडं."

"मग भेटायला का जात नाही?"

पडल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी वळून माझ्याकडं बघितलं, आणि बघितलं ते असं की ही बाई डोक्यावर पडली का काय. "काम न्हाय, तर भेटायचं कशाला?"

खांदेश्वर आमच्यापासून रिक्षानं पंधरा मिनिटांवर. दोन वर्षं हे दोघं पंधरा मिनिटांच्या अंतरावर आपापल्या खिडकीत बसून होते. ह्यांची सगळी ओळख कामातली. लग्नकार्य सोडलं तर एकमेकांच्या घरी गेलेले नव्हते. काम संपलं, तशी भेट संपली. त्यात त्यांना काही चुकल्यासारखं वाटत नसेल, किंवा वाटतही असेल, पण "तुझी आठवण आली म्हणून आलो" असं म्हणत कुणाच्या दारात उभं राहण्याची त्यांच्यात रीतच नव्हती.

मी पत्ता काढला आणि दुसऱ्याच दिवशी गेले. जोडीदार प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला; उजेड आणि अंधार तेवढा कळायचा. ऑपरेशनचं नाव काढलं की उठून आत जायचे. त्यांच्या लेकीनं मला पाणी दिलं आणि सांगितलं, "आम्ही बाबांना काडी इकडची तिकडं करू देत नाही. अगदी आरामात ठेवलंय." तिच्या आवाजात जो अभिमान होता तो मी ओळखला, कारण तो माझाच होता. मला तिच्या आणि माझ्या, दोघींच्या थोबाडीत एकेक द्यावीशी वाटली.

मी सासऱ्यांचं सगळं सांगितलं. जोडीदार मान खाली घालून ऐकत होते. मग म्हणाले, "मागं असायचा न्हवं तो. मागच्याच्या पायावर लई येतं." आणि खुर्चीचे हात धरून उठले. "चला."

लेकीनं रिक्षात त्यांना मध्ये बसवलं. आमच्या जिन्याशी आल्यावर मी त्यांना लेकीबरोबर खाली थांबवलं आणि वर जाऊन सासऱ्यांना सांगितलं, "तुमचे जोडीदार खाली आलेत. त्यांना दिसत नाही. तुम्हाला बोलावतायत."

"वर आण त्याला."

तसं ते अवघड नव्हतं. लेकीनं एक हात धरला असता, मी दुसरा. पण माझ्या अंगात काय शिरलं कोण जाणे. "माझं दूध उतू चाललंय," असं म्हणून मी स्वयंपाकघरात गेले. गॅसवर दूध नव्हतंच. मी ओट्याला टेकून कान देऊन उभी राहिले आणि मनातल्या मनात स्वतःला शिव्या घातल्या, कारण ते पुन्हा पडले असते तर मी कुणाला तोंड दाखवणार होते?

खाट करकरली. भिंतीवरून हात सरकल्याचा आवाज आला. दार उघडलं. मी हळूच बाहेर डोकावले तर ते वरच्या पायरीवर बसले होते, आणि बसल्या बसल्याच एकेक पायरी खाली सरकत होते. खालून आवाज आला, "हाय का वर?"

"हाय. थांब तितंच. उजव्या हाताला कठडा हाय, धर. आता नऊ पायऱ्या, मंग वळण."

एक जण मोजत वर चढत होता, लेक त्याच्या दोन पायऱ्या मागं, दुसरा त्याला सांगत खाली सरकत होता. दुसऱ्या मजल्याच्या दारासमोर दोघं भेटले. सासऱ्यांनी त्यांचा हात धरून पायरीवर बसवलं. गळाभेट नाही, काही नाही. तिथंच ते तासभर बसले, येणारे-जाणारे त्यांना वळसा घालून जात होते. मी वरच्या कठड्याशी चोरासारखी उभी होते. मग जोडीदारांनी विचारलं,

"पडलास म्हणं."

"पडलो."

"कुणी उचललं?"

"सुनंनं."

जोडीदारांनी मान हलवली.

"टाकलं तर न्हाय न्हवं?"

"न्हाय."

"मंग झालं की."

मला रडू कोसळलं. मी ज्याला रुसवा समजत होते ती लाज होती. जन्मभर दुसऱ्याचं ओझं उचलणाऱ्या माणसाला सुनेनं ओल्या पंचात उचललं होतं, आणि ही गोष्ट ज्याच्यापाशी बोलावी असं एकही माणूस आमच्या घरात नव्हतं. मी एवढे दिवस त्यांच्यापुढं भाकरी आपटत होते. त्या दिवशी वर परतायला त्यांना अर्धा तास लागला. पण ते बसून सरकत आले नाहीत, कठडा धरून उभ्यानं चढले. मागून जोडीदार प्रत्येक वळणावर "दम खा" म्हणत होते.

मग एक दिवसाआड हे सुरू झालं. कधी मी खांदेश्वरला जायची, कधी लेक घेऊन यायची. दोघं भेटायचे ते जिन्यातच, फक्त भेटीची जागा हळूहळू खाली सरकत गेली. आधी दुसरा मजला, मग पहिला, आणि गणपती उठेपर्यंत सासरे तळमजल्यावर उतरून जोडीदाराची वाट बघत कट्ट्यावर बसायला लागले. सोसायटीच्या मांडवाचे सोडलेले बांबू तिथंच आवारात पडले होते. एक दिवस जोडीदारांचा पाय त्यातल्या एकाला लागला. त्यांनी वाकून तो चाचपला, टोक उचलून वजन बघितलं आणि खांद्यावर घेतला. सासऱ्यांनी दुसरं टोक घेतलं. मी भाजीला निघाले होते. त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि बांबूच्या मध्ये अडकवली. "सांग, काय काय आणायचंय."

तीस वर्षं मागं असलेले सासरे आता पुढं होते, कारण त्यांना दिसत होतं. ते वळले की बांबू वळायचा आणि मागच्याला कळायचं. आणि ह्यांचा पाय डगमगला तर तेही बांबूतूनच मागं जायचं. लगेच आवाज यायचा, "दम खा." मग दोघं रस्त्याच्या कडेला उभे राहायचे, बांबू खांद्यावर तसाच. कुणी कुणाचा दंड धरलेला नव्हता. ज्या माणसाला "कुटं जायाचंय" याचं उत्तर आम्ही देऊ शकलो नव्हतो, तो माणूस दोन किलो कांदे आणायला भर बाजारात चालला होता. लोखंड बाजाराच्या नाक्यावरच्या चहावाल्याकडं त्यांच्या टोळीतले जुने लोक भेटायला लागले. "काय, जोडी परत लागली व्हय?" असं कुणीतरी म्हणालं, तर सासरे घरी येऊन ते मला दोनदा सांगत बसले.

सगळ्यांनाच हे गोड वाटलं असं नाही. तळमजल्यावरच्या काकूंनी मला अडवून विचारलं, "काय हो, या वयात सासऱ्यांना हमाली करायला लावता?" ज्या वाक्याला मी दोन वर्षं भीत होते ते शेवटी माझ्या कानावर आलंच. मी म्हणाले, "हो, लावते. तुमचं काही सामान आणायचं असेल तर सांगा." त्याच संध्याकाळी नवऱ्यानंही तोंड उघडलं. लोक हसतात, म्हातारा माणूस बांबू घेऊन फिरतो, बरं दिसत नाही. मी त्याला म्हणाले, बरं दिसायच्या नादात आपण त्यांना खाटेला खिळवलं होतं, आता मला बरं दिसायचं नाही. तो दोन दिवस फुगून बसला. तिसऱ्या दिवशी मी बघितलं तर तो बांबूचं टोक कानशीनं घासत होता, खांद्याला टोचू नये म्हणून.

डॉक्टरांनी पुन्हा पोटऱ्या दाबल्या आणि विचारलं, "काय खायला घातलंत?" मी म्हणाले, "बांबू." त्यांना काही कळलं नाही.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी थोरले दीर जीप घेऊन आले. दादा येतोच आहे तर तयारी असू दे, असं नवऱ्यानं सांगितलं होतं म्हणून मी धुसफुसत का होईना, आदल्या दिवशी सासऱ्यांची ट्रंक भरून दाराशी ठेवली होती. मनात म्हटलं होतं, भांडायचं ते दीर आल्यावर भांडू. दिरांना रस्त्यातच वडील दिसले, खांद्यावर बांबू, मागं जोडीदार. त्यांनी जीप थांबवली आणि नुसते बघत राहिले. वर आले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. चांगला माणूस, वडिलांवर जीव होता. चहा घेताना म्हणाले, "चला, आता तर प्रश्नच मिटला. मला काळजी होती एवढ्या लांब झोपवून कसं न्यायचं याची. आता बसून येतील आरामात. तिकडं रानातनं फिरतील, मोकळी हवा आहे."

नवरा म्हणाला, "ते पण खरंय, हवा तिकडं चांगलीय."

माझं डोकंच फिरलं. मी म्हणाले, "भाऊजी, चालायला लागले तर इथं राहायचं असं ठरलं होतं. डॉक्टरांना विचारा. त्यांचं सगळं इथं आहे. जोडीदार आहे, नाका आहे, इथून हलवलं की परत पाय जातील." दीर म्हणाले, गावात काय माणसं नाहीत का. नवरा म्हणाला, दोघांचंही बरोबर आहे. त्यावर मी त्यालाही बोलले. आम्ही तिघं चांगले घटकाभर जुंपलो होतो. सासरे मध्ये खाटेवर कप धरून बसले होते. त्यांनी कप खाली ठेवला.

"थांबा."

आम्ही थांबलो.

"पुढच्या मंगळवारी त्याच्या डोळ्याचं आप्रेशन हाय. तयार न्हवता तो. परवा म्हणला, तू संगं येशील का? म्या म्हणलं, यीन."

"मग काय झालं, ते झाल्यावर न्यायला येतो की," दीर म्हणाले.

"ते न्हवं रं. तुला कळंना झालंय." ते चिडलेले नव्हते, समजावून सांगत होते. "त्यानं मला इचारलं. येशील का, असं इचारलं. मंग म्या सांगितलं." त्यांनी थोरल्याकडं बघितलं, धाकट्याकडं बघितलं, आणि शेवटी माझ्याकडं. "तुमी तिघं माझ्यावरनं भांडताय. एकानं तरी मला इचारलं का?"

मी बोलणार होते. मी तर तुमच्या बाजूनं भांडतेय, जोडीदाराला मीच शोधून आणलं, काकूंना मीच तोंड दिलं, सगळं ओठांवर आलं होतं. आणि तिथंच थांबलं, कारण त्यांचं खरं होतं. त्यांना गावी जायचं नाही हे मी ओळखलं होतं, त्यांना कशाची लाज वाटते तेही ओळखलं होतं, आणि ओळखलेलं बरोबरही निघालं होतं. पण ओळखलं होतं, विचारलं नव्हतं. आराम दिला तो न विचारता, चालायला लावलं ते न विचारता, आणि आता त्यांच्यासाठी भांडत होते तेही त्यांना न विचारता. दोघे भाऊ जमिनीकडं बघत बसले होते.

"मामा," मी म्हणाले, "तुम्हाला कुठं राहायचंय?"

आपल्याला खरंच कुणीतरी विचारलंय, याचीच त्यांना आधी सवय करून घ्यावी लागत असावी. मग म्हणाले, "हितं."

दीर जेवून संध्याकाळच्या आत निघाले. ते गेल्यावर मी ट्रंक उघडली आणि त्यातली दोन धोतरं, बंड्या आणि टोपी परत कपाटात लावून ठेवली. ती तिथं पुढं सात वर्षं होती.